वॉटर बाथमधला तवंग

“हे तेल कुणाचं?”

गोविंदाच्या हातात डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन तसेच होते. वॉटर बाथचं झाकण तिरकं पडलं होतं, पाण्यावर पिवळा तवंग तरंगत होता आणि अख्ख्या प्रयोगशाळेला सुकटीचा वास सुटला होता. त्याने कॅन खाली आदळले. पाण्यात लटकवलेला स्वतःचा पाऱ्याचा थर्मामीटर डोळ्यांजवळ नेला. सत्तावन्न अंश! पाहिजे होतं साडेचव्वेचाळीस.

“अरे देवा! कुठं जावं आता?” त्याने कपाळावर हात मारला.

रोह्यातली ही पाणी तपासायची खासगी प्रयोगशाळा. गोविंदा इथला अटेंडंट. सव्वीस वर्षं तो पेणहून येत होता आणि सव्वीस वर्षं त्याने एकच रडगाणं गायलं होतं, वॉटर बाथ म्हणजे शेगडी नाय. त्यात सदानकदा ठरलेल्या तापमानाला पाणी राहतं, त्या पाण्यात नमुन्यांच्या नळ्या चोवीस तास बसतात. विष्ठेतले जंतू असले तर तेवढ्या उबेत वाढतात, नळीत बुडबुडा धरतात. ऊब कमी पडली तर भलतेच जंतू वाढतात, जास्त झाली तर सगळेच मरतात. एवढं सरळ! पण कुणी त्यात अंडी उकडली होती, कुणी तान्ह्याची दुधाची बाटली ठेवली होती. एका दीडशहाण्याने तर पावसात भिजलेले मोजे झाकणावर वाळत घातले होते. ‘यात डबा ठेवू नये’ ही चिठ्ठी गोविंदाने आतापर्यंत सात वेळा चिकटवली. पालथ्या घड्यावर पाणी!

“माझा डबा होता, काका,” मृणाली मॅडम आपल्या टेबलावरून म्हणाल्या. त्या इथल्या प्रमुख. “मायक्रोवेव्ह तीन आठवडे बंद आहे. गार खाल्लं की माझं पित्त उसळतं. वीस मिनिटं वाढवलं फक्त. आता परत साडेचव्वेचाळीसवर लावलंय.”

“मॅडम, आत नळ्या हायत!”

“झाकण नीट लागलं असतं तर काही झालं नसतं. डबा जरा उंच पडला.”

गोविंदाने तिरकं झाकण सरळ केलं. ही बाई एमएस्सी. आपण दहावी नापास. आणि हे आपण तिला सांगायचं?

त्या नळ्यांत त्याच्याच गावचं पाणी होतं. पेणच्या खाडीकडचं गाव, नव्या टाकीचं पाणी. टाकी चालू झाल्यापासून घराघरांत जुलाब लागले होते. सकाळीच त्याची बहीण हौसा फोनवर म्हणाली होती, “दादा, नातवाला सलाईन लावलंय रं. पानी चांगलं हाय का नाय, तेवढं सांग. तवर परत जुन्या विहिरीचं खारं पानी उकलून पितो.”

“उद्या नळ्यांत काही वाढलं नाही, तर चांगलंच ना?” मॅडम म्हणाल्या.

“शिजवलेलं बियाणं उगवंल कसं, मॅडम? काय नाय वाढायचं. आणि आपण लिहिणार, पिण्यास योग्य!”

मॅडम उठून जवळ आल्या आणि हळू आवाजात बोलल्या, “परवा ऑडिट आहे. नोंदवहीत सत्तावन्न दिसलं तर मला उत्तर द्यावं लागेल. एक वाजताच्या रकान्यात साडेचव्वेचाळीस लिहा. तुमच्या एका वर्षाच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे, काका. परवा तुमचा शेवटचा दिवस. मी सही करणारच होते.”

गोविंदाला ते वर्ष हवं होतं, फार हवं होतं. घरी बसून करायचं काय? बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. इथे निदान भांडायला तरी माणसं होती. तो नोंदवहीपाशी गेला. नऊ, एक, पाच. रोज तीन रकाने, रोज तीन सह्या. पेन उचलून त्याने लिहिलं, ‘५७. डबा गरम केला.’ कुणाचा ते लिहिलं नाही. खाली सही केली.

“मग मुदतवाढीचं मला विचारू नका,” मॅडमचा आवाज चिरकला. “आणि आता नवा नमुना कोण आणणार?”

“मी आणतो ना! कोण आणणार दुसरं?”

तो संध्याकाळी गावात गेला. नळाच्या तोंडाला ज्योत दाखवली, पाणी पाच मिनिटं वाहू दिलं, निर्जंतुक बाटली भरून बर्फाच्या डब्यात घातली. हौसा दारात उभी राहून बघत होती. “एका बाटलीसाठी एवढा कुटाना?” तिने विचारलं.

“तूच बोलायची राहिली होतीस, बाय,” तो वैतागून म्हणाला. “परवापर्यंत उकळूनच द्या पोरांना.”

बुधवारी सकाळी जुन्या नळ्या निघाल्या, स्वच्छ! एकीतही बुडबुडा नाही. मॅडमनी त्या उजेडात धरल्या, मग नोंदवहीतल्या सत्तावन्नकडे पाहिलं आणि नळ्या बाजूला ठेवल्या. गोविंदाने लगेच बाथ रिकामा केला, व्हिनेगरने घासला आणि खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरलं. पारा साडेचव्वेचाळीसवर ठरलेला पाहूनच त्याने नव्या नमुन्याच्या नळ्या आत सोडल्या.

गुरुवारी त्याने झाकण उचललं. पाचही नळ्या गढूळ. पाचही नळ्यांत बुडबुडा.

त्याला आनंद झाला नाही. हौसाचा नातू डोळ्यांपुढे आला. मॅडमनी एकेक नळी उजेडात धरली, अहवालावर ‘पिण्यास अयोग्य’ लिहून सही केली आणि सरपंचांना स्वतःच फोन लावला, “टाकी आत्ता बंद करा. आत्ता!”

गोविंदाने आपली पिशवी भरली. मुदतवाढीचा कागद पेपरवेटखाली तसाच, बिनसहीचा होता. सकाळी ऑडिटवाल्यांच्या समोर सत्तावन्नचं उत्तर मॅडमना द्यावं लागलं होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या नावावर दिलं होतं. कागदाचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

एक वाजला.

“काका, तापमान?”

“आज तुम्हीच घ्या. उद्यापासून तुम्हालाच घ्यायचंय.”

त्या उठल्या. वाकून गोविंदाचा थर्मामीटर वाचला, रकान्यात साडेचव्वेचाळीस लिहिलं आणि झाकण नीट दाबून बसवलं. मग टेबलाशी येऊन त्यांनी डबा उघडला आणि गार भात तसाच खायला सुरुवात केली.

गोविंदाने थर्मामीटर तिथेच राहू दिला आणि पेणच्या गाडीला निघाला.