मधाच्या रंगाची पट्टी

काकूंच्या गॅरेजमधून गेलेली स्कूटर तक्रार घेऊन कधी परत आली नव्हती. तीस वर्षांत एकसुद्धा नाही! हे काकूंना कोणी विचारायची गरज नसे. पंक्चरवाल्या गिऱ्हाइकाला त्या सांगत, पत्ता विचारायला थांबलेल्यालाही सांगत. शेजारचा किल्लीवाला म्हणायचा, "काकू, तुमची ती तीस वर्षं आता माझ्या स्वप्नात येतात हो!" पण म्हणायचा बेतानेच, कारण त्याच्या स्कूटरचं ऑइलही काकूच बदलत.

आणि का मिरवू नये? नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, आता हे शटर कायमचं खाली. काकूंनी महिन्याभरात ते स्वतःच्या हाताने वर केलं, पाना उचलला, तो आजतागायत खाली ठेवला नाही.

त्यांची एक पद्धत होती. जुनं ऑइल काढलं की त्यात पांढऱ्या कापडाची बोटभर पट्टी बुडवायची, वरच्या कोऱ्या टोकावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहायची आणि मागच्या भिंतीवरच्या तारेला टांगायची. पट्टी काळी असली तर सगळं ठीक, इंजिनाने आपला मळ ऑइलला दिला. दुधाळ असली तर आत पाणी शिरलंय. चमचमली तर आत काहीतरी झिजतंय. डॉक्टर नाडी बघतात, काकू पट्टी बघत.

सून या घरात आली आणि सहा महिन्यांत गॅरेजात रमली. काकूंचा मुलगा बस चालवायचा, त्याला पान्याचं वावडं. सुनेचा हात मात्र पहिल्या दिवसापासून बसलेला. एकच खोड होती तिला, गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचायची. पानन् पान!

"आई, या नव्या स्कूटरना पातळ ऑइल लागतं," ती म्हणायची. "पुस्तकात दहा-तीस लिहिलंय. आपण जाड वीस-चाळीस घालतो, ते सकाळी थंड इंजिनात वर चढायलाच वेळ लावतं. शिवाय आपला डबा मोटारसायकलचा. ज्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो त्यांच्यासाठी. स्कूटरचा क्लच कोरडा असतो."

"पुस्तक छापणाऱ्याने कधी इंजिन खोललंय का?" काकू म्हणत. "आणि ती ऑइल मोजायची दांडी काय बाहेर काढून बघत बसतेस दर वेळी? माप ओतलं की झालं!"

सून हसायची, काकूंच्या हुकमाप्रमाणे जाड ऑइल ओतायची, आणि दांडी बघायचीच.

अशात एक मोठं काम चालून आलं. घरोघर जाऊन आजारी माणसं बघणाऱ्या नर्सबाईंच्या नऊ स्कूटर होत्या. त्यांच्या मोठ्या सिस्टर स्वतः आल्या. म्हणाल्या, "एक गाडी तुमच्याकडे आधीपासून येतेच. तिचं ऑइल बदला. नीट चालली तर नऊच्या नऊ तुमच्या."

सून सुटे भाग आणायला गेली होती. एरवी ती गाडी तीच खोलायची. पण काकूंना कुठला धीर! एवढ्या मानाच्या गाडीला हात आपलाच लागला पाहिजे. चष्मा खिशात ठेवून त्या गाडीखाली वाकल्या. बोल्ट त्यांनी कधी डोळ्यांनी शोधला नव्हता, बोटांनीच शोधायचा. बोट लागलं, पाना फिरला, ऑइल आलं. आणि पट्टी बुडवून बघतात तर काय, मधाचा रंग! तीन हजार किलोमीटर पळालेलं ऑइल, आणि मधासारखं!

सून परतली तोवर काकूंनी नवं ऑइल भरून गाडी रवाना केली होती. "बघ! बघ माझं जाड ऑइल! आता वाच तुझं पुस्तक!"

"इतकं स्वच्छ? आई, निघालं किती?"

"मी रंग बघतेय आणि तू माप विचारतेस!" असं म्हणत काकू पट्टी घेऊन किल्लीवाल्याकडे पोचल्यासुद्धा. तिथून शिंप्याकडे, तिथून चपलांच्या दुकानात. अख्ख्या गल्लीने ती पट्टी पाहिली. मग ती तारेवर सगळ्यांच्या पुढे चढली.

आठव्या दिवशी गाडी परत आली.

निळा धूर सोडत, मागच्या चाकाशी करवतीसारखी ओरडत आली. पाठोपाठ मोठ्या सिस्टर. "काकू, काय घातलंत हो हिच्यात? आमची नर्स औषधं घेऊन रस्त्यात अडकली. मी ऑफिसात नऊ गाड्यांचं सांगायला निघाले होते, आता कोणत्या तोंडाने सांगू?"

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं! किल्लीवाला किल्ली घासायची सोडून दारात आला होता. त्याचं ते बघणंच काकूंना जास्त झोंबलं.

सून खाली बसली. दांडी काढली, पुसली, पुन्हा बुडवून बघितली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर. मग ती मागच्या चाकाकडे सरकली. तिथल्या गिअरांचं ऑइल वेगळं असतं, वाटीभर, आणि त्याचा बोल्टही वेगळा. तो तिने उघडला. थेंबसुद्धा पडला नाही.

तिने मान वर करून तारेवरच्या पट्टीकडे बघितलं. काकूंनीही बघितलं, आणि दोघींना एकदमच कळलं. काकूंनी भलताच बोल्ट खोलला होता. निघालं ते गिअरांचं ऑइल, त्याचा रंग मधासारखाच असायचा. इंजिनातलं काळं ऑइल आतच राहिलं आणि त्यावर काकूंनी आणखी मापभर ओतलं. इंजिन बुडालं, गिअर कोरडे पडले. वाटीभरच निघालंय हेही काकूंनी पाहिलं नव्हतं, रंगानेच त्या हुरळल्या होत्या.

सून उठली, हात पुसत म्हणाली, "सिस्टर, माझ्याकडून चुकीचा बोल्ट उघडला गेला. संध्याकाळपर्यंत गाडी नीट करून देते."

काकूंना काय वाटलं ते काय सांगावं! ही कालची पोर, आणि आपलं नाव राखायला स्वतःच्या नावाला काळं लावून घेतेय. गप्प बसलं असतं तर सगळं झाकलं जात होतं. तीस वर्षं जशीच्या तशी राहत होती. पण काकूंचा ऊर असा भरून आला की गप्प बसणं त्यांच्या हातातच राहिलं नाही.

"खोटं बोलतेय ती!" काकू कडाडल्या. सिस्टर दचकल्या. "बोल्ट मी उघडला. चष्मा खिशात ठेवून. हा आकडा बघा पट्टीवर, माझ्या हातचा आहे. ती तर गॅरेजात नव्हतीसुद्धा. आणि चूक कुठे आहे ते दहा मिनिटांत कोणी शोधलं? हिने! मला आठ दिवसांत नाही कळलं."

"आई, राहू द्या ना..."

"का राहू द्या? सिस्टर, काम द्या नाहीतर देऊ नका. पण दिलंत तर तुमच्या गाड्यांचे बोल्ट ही उघडेल. ऑइलही हिच्या पुस्तकातलंच पडेल. मी उजेडाला बॅटरी धरून उभी राहीन."

संध्याकाळी गाडी निघाली. इंजिन धुऊन काढलेलं, आत दहा-तीस, गिअरांना त्यांचं स्वतःचं ऑइल, मागचं बेअरिंग नवं. सिस्टरांनी चक्कर मारली, कान देऊन ऐकलं आणि सुनेकडे वळून विचारलं, "बाकीच्या आठ कधी आणू?" काकूंकडे त्यांनी बघितलंही नाही. काकूंना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी किल्लीवाल्याच्या पाठीत धपका घातला.

मधाच्या रंगाची ती पट्टी सुनेने गुपचूप तारेवरून काढली होती. काकूंनी ती कचऱ्यातून शोधून काढली आणि पुन्हा पहिल्या जागी टांगली. आता पंक्चर काढायला कोणी आलं, पत्ता विचारायला कोणी थांबलं, की काकू आधी चष्मा लावतात, पट्टीकडे बोट दाखवतात आणि सांगतात, "तीस वर्षांत एकच गाडी परत आली. मी बिघडवलेली. आणि माझी चूक कोणी ओळखली माहितेय? थांबा, बोलावते. अगं, बाहेर ये जरा!"