हरकतीची मुदत

ओल्या बोळ्याने नवऱ्याचे ओठ टिपून तिने बोळा वाटीत टाकला, हात पुसले आणि उशाशी ठेवलेला लॅपटॉप मांडीवर घेतला. हा तिचा नेम होता. त्याचं अंग पुसून, कूस बदलून झाली की आदल्या दिवशी लायब्ररीत झालेले बदल त्याला वाचून दाखवायचे.

लायब्ररी पुस्तकांची नव्हती. कोणाच्याही मालकीची नसलेली, कोणालाही फुकट वापरता येणारी एक प्रोग्रॅमिंगची भाषा त्या दोघांनी आणखी काही जणांबरोबर उभी केली होती. वारंवार लागणाऱ्या कामांचे तयार तुकडे त्या भाषेसोबतच मिळत. त्या साठ्याला ते लायब्ररी म्हणत. तुकड्याला नाव त्याने द्यायचं आणि तो काय करतो हे तिने एका वाक्यात लिहायचं. नावं साधी, बोलण्यातली. 'गाळ', 'जोड', 'मोज'. एका वाक्याची दोन वाक्यं झाली की ती हळूच म्हणे, "नाव चुकलंय." तो चिडून गॅलरीत जाऊन उभा राही आणि परत येई तो नवं नाव घेऊनच.

पक्षाघाताचा दुसरा झटका आल्यापासून त्याची वाचा गेली होती. सुरुवातीला डोळ्यांनी बोलायचा. एकदा मिटले म्हणजे हो. पुढे तेही राहिलं नाही. तरी एकेक बदल वाचून झाला की ती थांबायची. हरकत घ्यायची तर माणसाला शब्द जुळवायला जेवढा वेळ लागेल, तेवढा. मगच पुढचा.

"वहिनी, एवढं ऐकून एखाद्या दगडाला सुद्धा एव्हाना नोकरी लागली असती," नणंद म्हणाली. ती पलंगाच्या पायथ्याशी बसून वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. भावाला उचलून बसवायला दोन माणसं लागत, म्हणून ती सकाळची येऊन जाई.

"लागली तर बरंच की, वन्सं. घरात एक पगार वाढेल."

नणंद हसली आणि हसता हसता तिने चादरीत तोंड लपवलं.

तेवढ्यात फोन वाजला. मुनीम होता. खरं तर तो कुठल्याशा विमा कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा. पण लायब्ररीत कोणाचं काय अडलंय याची उठाठेव तोच करी, म्हणून सगळे त्याला मुनीम म्हणत.

"ताई, आज हरकतीची मुदत संपतेय."

"ठाऊक आहे."

"बाकी सगळ्यांच्या 'हरकत नाही'च्या खुणा आल्या. तुमचीही आली. सरांची तेवढी राहिली."

प्रस्ताव तिला पाठ झाला होता. 'डोकाव' काढून टाकायचं आणि त्याच्या जागी 'चाहूल' आणायचं.

'डोकाव' हे त्याचं लाडकं. प्रोग्रॅमकडे येणाऱ्या माहितीच्या रांगेत पुढे काही येऊन उभं आहे का, हे नुसतं बघायचं. हात लावायचा नाही. असेल तर काय आहे ते सांगायचं, नसेल तर 'नाही' म्हणून परत फिरायचं. खोट एवढीच, की माल यायला उशीर होत असला तरी 'नाही', आणि रांग कायमची संपली असली तरी 'नाही'च. तिने तेव्हाच त्याला म्हटलं होतं, "ही दोन वेगळी उत्तरं हवीत." तो म्हणाला होता, "दारातून डोकावणाऱ्याला एवढं कुठून कळणार? अन् कळलं तर तो आत शिरला म्हण की." यावर ती हसली होती आणि एक वाक्य लिहून मोकळी झाली होती.

मग कुठल्याशा डोंगरावरच्या हवामानकेंद्रात वाऱ्याचं यंत्र थोडा वेळ गप्प बसलं. प्रोग्रॅमला 'नाही' असं उत्तर मिळालं, त्याने रांग संपल्याचं धरलं आणि काम आवरतं घेतलं. वादळाची नोंद झालीच नाही. असे प्रकार वाढत गेले. त्याने दिलेली बरीचशी नावं वर्षावर्षाने बदलत गेली होती. उरलेल्या मोजक्या नावांत 'डोकाव' होतं.

'चाहूल' तीन उत्तरं द्यायचं. आहे; अजून नाही; संपलं. मुनिमाने सुचवलेलं ते नाव वाचलं त्या दिवशीच तिच्या मनात त्याचं वाक्य तयार झालं होतं. एकच वाक्य. त्या दिवशी ती जेवली नाही.

"ताई, ऐकताय ना? मुदत आपण आधीच दोनदा वाढवलीय. नियम तुम्हाला मी काय सांगायचा? सभासदाची खूण नसेल तर प्रस्ताव अडतो. आणि सभासद उत्तरच देत नसेल तर..." तो अडखळला. "तर त्याला माजी करावं लागतं. ते माझ्या हातून नाही हो व्हायचं. मी त्यांच्याकडून शिकलोय."

"मग?"

"सरांचं खातं तुमच्याच लॅपटॉपवर उघडं असेल. तिथून खूण झाली, तर कोणी विचारणार नाही."

"मी विचारेन ना," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "थोड्या वेळाने कळवते."

फोन ठेवून तिने खरंच त्याचं खातं उघडलं. त्याचा जुना फोटो, गॅलरीत काढलेला, कपाळावर आठ्या. खाली चौकट. 'वाचलं, हरकत नाही.' तिचं बोट पॅडवर होतं. ती बोट न हलवता तशीच बसून राहिली.

"अगं, त्यालाच विचार की," नणंद म्हणाली. "इतकं रोज वाचतेस, मग आज विचारायला काय झालं?"

ती उठून त्याच्या तोंडासमोर वाकली. डोळे उघडे होते, छताकडे लागलेले.

"ऐकताय? 'डोकाव' काढतायत. तुमची हरकत असेल तर डोळे मिटा."

पापण्या मिटल्या, उघडल्या.

"मिटले!" नणंदेच्या हातातली चादर खाली पडली. "वहिनी, मिटले गं! ऐकलं त्याने! मी म्हणत नव्हते? दादा, अरे भांड की तिच्याशी, भांड!"

पलंगाची कड धरून ती थोडी सावरली. मग पुन्हा वाकली. तेच अंतर, तोच आवाज.

"हरकत नसेल तर डोळे मिटा."

पापण्या मिटल्या, उघडल्या.

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू होत नव्हती.

"पुन्हा विचार," नणंद म्हणाली. "दमला असेल. उद्या विचार. उद्या तरी..."

"पापणी आहे, वन्सं. लवणारच ती."

तिने त्याच्या डोळ्याच्या कडेचं पाणी पदराने टिपलं. ते तिथे नेहमीच साचायचं. मग खुर्चीवर बसून त्याचं खातं बंद केलं, स्वतःचं उघडलं आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहायला लागली. तिला वेळ लागला नाही.

"सरांची खूण मागू नये. ते आता उत्तर देऊ शकत नाहीत आणि पुढेही देणार नाहीत. त्यांना माजी सभासदांत घ्यावं. हे मी, त्यांची बायको, लिहिते आहे."

पाठवलं. नंतर वाचून पाहिलं, तर कुठे काही बदलावंसं वाटलं नाही.

मग मुनिमाचं उत्तर आलं. "केलं, ताई." आणि पाठोपाठ दुसरं. "चाहूलचं वाक्य तुम्हीच लिहाल ना?"

तिने ते लिहून पाठवून दिलं. तयारच होतं.

नणंदेने पडलेली चादर उचलून झटकली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. टोकाला टोक जुळत नव्हतं. "चहा टाकू?" तिने विचारलं.

"वाचून होऊ दे. नेम राहिलाय."

तिने कालच्या बदलांचं पान काढलं आणि चष्मा वर सरकवला. 'गाळ'चं उदाहरण सुधारलं. 'जोड'मधली चूक काढली. 'मोज' आता रिकाम्या यादीवरही चालतं. तारखांच्या भागातली दोन वाक्यं एक केली. ती स्पष्ट, एका सुरात वाचत होती, रोजच्यासारखी.

नणंदेचे हात थांबले. "वहिनी," ती म्हणाली, "आज मध्ये थांबत नाहीयेस तू."

"हं," ती म्हणाली, आणि पुढची ओळ वाचली. त्याच्या पापण्या लवल्या असतील, नसतील. तिची नजर पडद्यावर होती.