प्रश्न क्रमांक सात

सकाळी निघताना मावशीने विचारलं, "आज पाहुण्यांना पाणी द्यायला मी येऊ, की दुसऱ्या कुणाला पाठवू?"

नव्या बाई आरशासमोर होत्या. केसांत पिन खोचता खोचता म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला पाठव."

"बरं," म्हणून मावशी चपला घालून निघून गेली. नव्या बाई नेहमीप्रमाणे दहा मिनिटं थांबल्या आणि मग निघाल्या.

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. मावशी शाळेत झाडलोट करायची, घंटा द्यायची, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धुवायची. पहिलीतल्या पोरापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळेच तिला मावशी म्हणत. त्यामुळे विज्ञान शिकवणाऱ्या नव्या बाईंनी तिला मावशी म्हटलं, तर कुणी कान टवकारायचं कारणच नव्हतं. पण ती त्यांची खरीच मावशी होती, आईची सख्खी बहीण. कॉलेजची पाच वर्षं बाई तिच्याच घरी राहून शिकल्या होत्या, आणि अजून तिथेच राहत होत्या.

नोकरी लागली तेव्हा मावशीच म्हणाली होती, "चिमे, नातं सांगत बसू नकोस. वशिल्याने चिकटली म्हणतील." तेव्हा ती मावशीची काळजी होती. पुढे ती बाईंची सोय कधी झाली, ते त्यांनाही कळलं नाही. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तर त्या म्हणत, "ओळखीच्यांकडे राहते." त्यात खोटं म्हणाल तर एक अक्षर नव्हतं. शाळेत मावशी त्यांना 'अहो बाई' म्हणायची, घरी 'चिमे'.

शाळेच्या पाठीमागे टेकडी होती, आणि टेकडी शाळेवर येऊ नये म्हणून बांधलेली लांबलचक दगडी भिंत. भिंतीच्या डाव्या टोकाला एक तडा होता. अकरा वर्षांपूर्वी मावशीने तो तेव्हाच्या मुख्याध्यापकांना दाखवला, तर ते म्हणाले, "भिंत म्हटली की तडा आलाच. वाढतोय म्हणतेस, तर पुरावा आण."

मावशीने ते मनावर घेतलं. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला. झाडूची एक काडी दोन खिळ्यांच्या मध्ये नेमकी बसेल एवढी कापली, तिला कागदाची चिठ्ठी गुंडाळली, चिठ्ठीवर तारीख घातली. मग सहामाही झाली की एक काडी, वार्षिक झाली की एक. ते मुख्याध्यापक बदलून गेले, पुरावा मागणारं कुणी उरलं नाही. काड्या मात्र बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात साठत राहिल्या.

नव्या बाईंनी तो डबा पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, त्यावरूनच त्यांना सगळं सुचलं होतं. भूकंप, पूर, दरडी यांची चाहूल देणारी यंत्रं शाळेतल्या मुलांनी स्वतः बनवावीत, म्हणून एक संस्था अनुदान देत होती. बाईंनी चार रविवार बसून अर्ज लिहिला. भिंतीचा कल मोजणारा सेन्सर, त्याच्या आकड्यांचा आलेख, मुलांची निरीक्षणं, सगळं नीट जुळून आलं. अडलं ते सातव्या प्रश्नापाशी. 'शाळेत सध्या अशा प्रकारची कोणतीही नोंद ठेवली जाते का?'

त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं. सर म्हणाले, "अहो, ज्याच्या ताटात आधीच वाढलंय, त्याला कोण वाढतं? 'नाही' लिहा."

बाईंनी 'नाही' लिहिलं. खाली खुलाशात आणखी एक वाक्य जोडलं: 'परिसरात या विषयाबाबत कोणतीही जागरूकता आढळत नाही.' ते सरांना फारच आवडलं. अर्जाच्या झेरॉक्स काढून आणायला मावशीला पाठवलं होतं.

अनुदान मिळालं. सातवीच्या मुलांनी तारा जोडल्या, सेन्सरची डबी बंद केली, भिंतीच्या उजव्या टोकाला चिकटवली. उजव्या टोकालाच, कारण शाळेचं वायफाय तेवढंच पोचत होतं.

"चिमे," मावशीने एकदा भाजी निवडताना विचारलं होतं, "भिंत फाटतेय डावीकडे आणि तुम्ही तपासताय उजवीकडे?"

"तिकडे वायफाय नाही गं."

"मग भिंतीला तसं सांगून तरी या. म्हणावं, वायफाय असेल तिथेच फाट."

बाई पोट धरून हसल्या होत्या. पुढच्या सत्रात लांब केबल टाकू, असं त्यांनी ठरवलंही होतं. ते राहून गेलं.

आज संस्थेचा तपासनीस आला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. बुटांना माती लागलेली. तो भूगर्भशास्त्र शिकलेला आहे, असं पत्रात लिहिलं होतं. प्रयोगशाळेत मुलं त्याच्याभोवती गोळा झाली आणि पडद्यावर आलेख उमटला. सहा महिन्यांची रेघ, ताणलेल्या दोरीसारखी सरळ.

मुख्याध्यापकांनी हात चोळले. "म्हणजे भिंत ठणठणीत आहे! तेवढं अहवालात लिहून द्या, म्हणजे पुढच्या महिन्यापासून बालवर्ग मागच्या खोल्यांत हलवतो. पुढच्या खोल्यांत मुलं अक्षरशः मांडीवर बसतायत एकमेकांच्या."

मागच्या खोल्या भिंतीला लागून होत्या. डाव्या टोकाला.

तपासनीस म्हणाला, "सरळ रेघेचे दोन अर्थ होतात. भिंत हलत नाही, किंवा जे हलतंय ते आपण मोजत नाही. जुनी एखादी मोजणी असती तर ताडून पाहिलं असतं." त्याने अर्जाची पानं उलटली. "प्रश्न सात. नाही."

"सर, आहे ना!" सातवीतली एक मुलगी म्हणाली. फार प्रश्न विचारते म्हणून स्टाफरूमने तिचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं. "मावशींकडे काड्या आहेत! खिळ्यांमधल्या!"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात मावशी उभी होती, हातात पाण्याचे पेले ठेवलेला ट्रे. दुसरं कुणी आज आलंच नव्हतं.

"कसल्या काड्या, मावशी?" तपासनीसाने विचारलं.

मावशीने नव्या बाईंकडे पाहिलं. डोळ्यांची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग ती हसली.

"अहो साहेब, झाडणारीकडे काड्या नसतील तर काय सोन्याच्या लगडी असतील? पोरगी बोलते काहीबाही."

प्रयोगशाळा खदखदून हसली. मुख्याध्यापक सगळ्यांत मोठ्याने हसले. नव्या बाईंचेही ओठ हलले, सगळे हसताना हलतात तसे. मागाहून त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती या हसण्याची.

कारण तेवढ्यात त्यांना कळलं होतं. झेरॉक्सच्या दुकानात यंत्र चालू असताना मावशीने अर्ज वाचला होता. सातवा प्रश्न, त्याचं उत्तर, आणि खालचं ते जागरूकतेचं वाक्यही. वर्षभर ती काही बोलली नव्हती. आणि आता स्वतःला झाडूवाली म्हणवून तिने बाईंचं 'नाही' खरं करून दिलं होतं.

चौकशी खिडकीला हसू आलं नव्हतं. "पण मावशी, तुम्हीच तर मला दाखवल्यात..." तिने बाईंकडे वळून पाहिलं. "बाई, तुम्हीच सांगता ना, जे दिसलं ते लिहायचं, जे हवंय ते नाही?"

बाईंची नजर अर्जाच्या पानांवर गेली. आता बोललं तर अर्ज खोटा ठरणार होता. अनुदान जाईल, कदाचित नोकरीही. नाही बोललं तर पुढच्या महिन्यात पाच वर्षांची मुलं त्या टोकाला पाठ लावून बाराखडी गिरवणार होती.

तपासनीसाने पेनाचं टोपण काढलं. 'भिंतीची स्थिती' या रकान्यात त्याने 'स्थि' एवढं लिहिलं.

"सर, लिहू नका," बाई म्हणाल्या.

पेन थांबलं.

"काड्या आहेत. बावीस आहेत. मला माहीत असताना मी 'नाही' लिहिलं."

"अहो, त्या घाबरल्यात जरा," मुख्याध्यापक पुढे सरसावले. "वय लहान आहे, पहिलीच तपासणी..."

"आणि ही माझी मावशी आहे."

"हो, ते कळलं," तपासनीस म्हणाला.

"नाही, तसं नाही. माझी. आईची सख्खी बहीण. मी तिच्या घरी राहते. तीन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही."

मग मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "मग आमची नाही का?"

मावशीने ट्रे टेबलावर ठेवला. एक पेला हिंदकळून थोडं पाणी सांडलं होतं. ते तिने पदराने पुसलं, हवं त्यापेक्षा जास्त वेळ पुसत राहिली. मग कुणाकडेही न बघता जिन्याखालच्या तिच्या खोपटात गेली आणि डबा घेऊन आली.

काड्या टेबलावर ओळीने मांडल्या. तपासनीसाने एकेक व्हर्नियर कॅलिपरमध्ये धरली, आकडे सांगितले. मुलांनी ते फळ्यावर लिहिले. "लाकूड लांबीत फारसं आकसत नाही," तो स्वतःशीच म्हणाला, "चांगली निवड आहे." पहिली काडी चौऱ्याण्णव मिलिमीटर होती. सोळावी एकशे एक. बाविसावी एकशे बारा. आठ वर्षांत सात मिलिमीटर, आणि नंतरच्या तीनच वर्षांत अकरा. चौकशी खिडकीने ठिपके जोडले. रेघ आधी रांगत होती, मग तिने मान वर काढली.

तपासनीस उठून डाव्या टोकाशी जाऊन आला. "मागच्या खोल्यांना आत्ता कुलूप लावा," तो मुख्याध्यापकांना म्हणाला. "इंजिनियर येऊन जाईपर्यंत तिकडे एकही मूल फिरकता कामा नये." मग बाईंकडे वळला. "मला हे सगळं समितीला कळवावं लागेल. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही."

"कळवा," बाई म्हणाल्या.

त्याने बॅगेतून नोंदीचा कोरा तक्ता काढून त्यांच्यापुढे सरकवला. वर पहिलाच रकाना होता: 'निरीक्षकाचं पूर्ण नाव'.

"मावशी लिहा की," मावशी म्हणाली. "सगळे तेच म्हणतात."

"मावशींना नाव आहे?" मागच्या बाकावरच्या त्याच बारीक आवाजाने विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही.

बाईंनी नाव लिहिलं. पहिलं, मधलं, आडनाव. मुलं खांद्यावरून वाकून ते अक्षर अक्षर लावून वाचू लागली, नवा धडा वाचावा तसं. बाईंची मान वर होईना. पहिल्या काडीवरची तारीख तक्त्यात उतरवायची म्हणून त्यांनी ती उचलली, पण चिठ्ठीवरचं काही लागेना.

"उलटी धरलीत, बाई," मावशी म्हणाली.

बाईंनी काडी फिरवली. 'चिमे' म्हणेल, असं त्यांना उगाचच वाटलं होतं.

संध्याकाळी शाळा सुटली तेव्हा त्या फाटकापाशी थांबल्या. बाकीचे शिक्षक निघून गेले. जाताना प्रत्येकाने जरा जास्तच आदराने मान हलवली. बऱ्याच वेळाने मावशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन व्हरांड्यात आली. बाई उभ्या दिसताच जागीच थांबली.

"तुम्ही व्हा पुढे, बाई," ती तिथूनच म्हणाली. "मी येते दहा मिनिटांनी."

आणि मागच्या खोल्यांकडे वळली. बाई गेल्या नाहीत. दहाची पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, तरी तिकडून एकेक कुलूप ओढून पाहिल्याचा आवाज येतच राहिला.