रंग माझे, फेटा त्याचा

सत्काराला जाताना मी नवी साडी नेसले होते, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. शिरूर कासारहून बीडला एसटीनं जायचं, ऊन असं की खिडकीचा गज हाताला चटका देत होता, आणि मी आपली निऱ्या सांभाळत बसलेली. सोमेश्वर सरांनी क्लासच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘प्लगिनच्या यशाबद्दल सत्कार. सर्वांनी यावे.’ प्लगिन मी लिहिलेलं. मग सत्कार कुणाचा, हे विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

सोमेश्वर सर बीडमध्ये कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी त्यांनी एक वेबसाइट काढली, प्रोग्रामिंगचे धडे मराठीतून. धडे चांगले, पण त्यातला कोड सगळा एकाच काळ्या रंगात. वाचून डोळे दुखायचे. कोडातले ठरलेले शब्द एका रंगात, आपण ठेवलेली नावं दुसऱ्या रंगात आणि समजावून सांगणारे शेरे फिक्कट असले, की नजर हवी तिथं जाते. सरांनी हे काम मला आणि अजिनाथला दिलं. अजिनाथ नांदूरघाटचा, क्लासला माझ्याच बॅचमध्ये, आणि आमची सुपारीही फुटलेली. लग्न माझ्या नोकरीनंतर, ही अट मी घातलेली. दोन्ही घरांनी तोंड वाकडं करून का होईना, ती मान्य केली होती.

कोडाला रंग देणारं तयार प्लगिन, म्हणजे वरून डकवायचा छोटा प्रोग्राम, फुकट मिळतं. ते वेबसाइटला जोडणं एका दुपारचं काम. इंग्रजी कोड लगेच झकास रंगला. पण आमच्या धड्यांमध्ये नावं मराठी, ‘उसाचे_वजन’, ‘पाण्याची_पाळी’ अशी. त्या प्लगिनला अक्षर कळायचं, पण काना-मात्रा हा त्या अक्षराचाच भाग आहे हे काही केल्या कळायचं नाही. शब्द मध्येच तुटायचा, अर्धा निळा, अर्धा काळा, आणि मात्रा बिचारी बाजूला ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसायची. पोरं मोबाइलवरचे फोटो पाठवायची, ‘ताई, हे काय झालंय?’

मग मी ते प्लगिन उघडलं आणि आतून वाचायला घेतलं. शब्द कुठं सुरू होतो, कुठं संपतो, हे ठरवणारे नियम नव्यानं लिहिले. एक नीट केला की दुसरा बिघडायचा. मी लॅपटॉपला शिव्या घालायचे, आणि आई चुलीपुढून म्हणायची, “त्या डबड्याला काय कळतंय, बाई?” शेवटी ‘उसाचे_वजन’ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रंगात आलं, तेव्हा मी एकटीच खुळ्यासारखी हसत बसले. इतकं सुख मला आजवर कशानं मिळालं नव्हतं. नोकरी मागायला गेले तर कुणापुढं ठेवावं असं माझ्याकडं तेवढं एकच काम होतं.

आमच्या घरी रेंज जेमतेम. मी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि अजिनाथ बीडच्या खोलीवरून ती इंटरनेटवर चढवायचा. तिथलं खातं त्याच्या नावाचं होतं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. होणाऱ्या नवऱ्यावर एवढाही भरवसा ठेवायचा नाही, तर मग लग्न तरी कशाला करायचं?

क्लासमध्ये पोचले तर खुर्च्या भरलेल्या, आणि अजिनाथच्या डोक्यावर गुलाबी फेटा. सर माइकवर सांगत होते, की पुण्याच्या एका कंपनीनं आपल्या अजिनाथचं प्लगिन बघितलं आणि त्याला पुण्याला नोकरी चालून आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजत होते.

एका पोरीनं त्याला विचारलं, मात्रा तुटायच्या ते कसं सोडवलं? अजिनाथ फेटा सावरत म्हणाला, “जरा डोकं लावावं लागलं.” मग त्याची नजर माझ्यावर पडली. “सुरेखानं बी टेस्टिंगला लई मदत केली,” तो म्हणाला. मला पुढं बोलावून हातात गुलाबाचं फूल दिलं. मी ते घेतलं. त्याच्या तोंडावर फेकून मारायला हवं होतं, पण सभ्य बायकांसारखी मी ते घेतलं.

तो मला स्टँडवर सोडायला आला.

“मदत?” मी विचारलं.

“आता तितं समदा पाढा वाचत बसायचा व्हता का?”

“कंपनीला काय सांगितलंस?”

“त्यांनी इचारलं, कुनी लिवलं. मी म्हनलं, मीच.”

“कावून?”

त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “सुरे, तुला एकटीला पुन्याला धाडलं असतं का तुज्या बापानं? मला लागली म्हंजी तुलाच लागली. आपुन एक कोयता हाव. नाव कुनाचं का असंना.”

आमच्या भागातून ऊसतोडीला जोडपी जातात. नवरा तोडतो, बायको तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहते. मुकादमाच्या लेखी मात्र दोघं मिळून एक कोयता, आणि तो नवऱ्याच्या नावाचा. माझ्या आईचं सगळं आयुष्य असल्या अर्ध्या कोयत्यात गेलं. अजिनाथनं हे घाबरत म्हटलं असतं, तर मी एखादवेळेस माफही केलं असतं. तो प्रेमानं म्हणत होता.

“मग आता मी नोकरी मागायला काय दाखवू?”

“नवीन बनव की दुसरं कायतरी. तुला काय आवघड हाय?”

एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

घरी आई बाजरी निवडत बसली होती. “रडतीस कावून?” एवढं तिनं विचारलं आणि मी सगळं ओकले. फेटा, फूल, कोयता, सगळं. मला वाटलं, ती सूप आपटून उठेल, नांदूरघाटला फोन लावेल, त्या माणसाच्या सात पिढ्या काढेल. माझी आई भांडायला लागली की कुणाला ऐकायची नाही. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, “ठाव हाय मला.”

“काय ठाव हाय?”

“आला हुता की त्यो. तू मामाकडं गेलतीस तवा. कंपनीचा फोन आलाय म्हनला. सुरेखाचं नाव सांगू का माजं, असं त्यानं मलाच इचारलं. मी म्हनले, तुजं सांग.”

मी तिच्या हातातलं सूप ओढून बाजूला ठेवलं.

“आगं, तू गेली असतीस पुन्याला,” आई म्हणाली. “मग त्यो थांबला असता व्हय? बायकू नोकरीला आन नवरा घरी, असं लगीन कुटं टिकतंय? माजं नाव कुनी लिवलं कंदी? मेले का मी?”

अजिनाथला द्यायला माझ्याकडं शिव्या तयार होत्या, येताना रस्ताभर मी त्याच जमवत आले होते. आईला द्यायला एकही सापडली नाही. ती माझं वाईट चिंतत नव्हती. तिनं मला तिच्या शेजारी आणून बसवलं होतं, तिच्याच जागेवर, आणि ते करताना तिला माझ्याविषयी मायाच वाटली होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अजिनाथचाच. मी उचलला नाही. तो पुन्हा वाजला. आईनं हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला.

“बोला, जावईबापू.”

त्याचा आवाज फोनच्या बाहेर मलाही ऐकू येत होता. कंपनीला प्लगिनमध्ये एक बदल हवाय. एकाच ओळीत मराठी आणि इंग्रजी आलं की रंग चुकतात. त्याला काही उमगत नाहीये, आणि उद्या दाखवायचंय. आईला यातलं अक्षरही कळत नव्हतं, तरी ती शेवटपर्यंत नीट ऐकत राहिली. मी दोन्ही हात हलवून तिला नको, नको म्हणत होते.

“करती की,” आई माझ्याकडं बघत फोनवर म्हणाली. “बसलीच हाय ती कराया.”