बारामतीहून आलेली शिदोरी

निमगाव केतकीच्या देवळात सप्त्याचा शेवटचा दिवस होता आणि काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं. जोतीराम तात्या टाळकऱ्यांच्या रांगेत उभे होते खरे, पण पाय काही भुईला लागलेले नव्हते. सात दिवस कीर्तन ऐकलं की माणूस असाच हलका होतो. मृदंगाची थाप कानात न वाजता पोटात वाजायला लागते, बुक्क्याचा वास उशापर्यंत येतो, आणि जागं असणं आणि स्वप्नात असणं यातला बांध कुठं फुटला ते कळत नाही. माघातलं कोवळं ऊन मंडपाच्या भोकांतून खाली उतरत होतं. उन्हाच्या त्या कवडशांत धूप निळा निळा तरंगत होता, आणि तात्यांना वाटत होतं, आपणही त्यातच तरंगतोय.

पण तरंगता तरंगता काहीतरी टोचायचं. पोरगी आली नव्हती.

योगिनी ही तात्यांची एकुलती लेक. बारावी झाली आणि बारामतीला मावशीकडं राहून एका दुकानात कामाला लागली. दुकान म्हणजे मोठ्या मोठ्या शहरांत शाखा असलेलं, काचेच्या थंड कपाटात केक मांडून ठेवणारं. तात्या एकदा हौसेनं बघायला गेले होते. दुकानाच्या मागच्या दाराशी त्यांना अंड्यांचे ट्रे दिसले, एकावर एक, पार छातीएवढे. तात्यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. ते आत गेलेच नाहीत, तसेच इंदापूरची एसटी धरून माघारी आले.

दिवाळीला योगिनी घरी आली तेव्हा नेहमीसारखी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. तात्यांनी तो घेतला, खाली ठेवला, आणि उठून माठातलं पाणी आपल्या हातानं घेतलं. माळकऱ्याच्या घरात याचा अर्थ पोरीला सांगावा लागत नाही. ती तांब्याकडं बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेली. त्यानंतर आलीच नव्हती.

"अवो, एकदा इचारा तर तिला," योगिनीची आई, सारजाबाई म्हणायच्या.

"काय इचारायचं? डोळ्यानं बघितलंय मी."

असं म्हणताना आवाज करडा असायचा. पण पाणी पिताना रोज त्यांना तो खाली ठेवलेला तांब्या आठवायचा.

कीर्तनकार महाराजांनी वीणेकऱ्याकडं बघून मान हलवली. टाळ थांबले. महाराज हसत म्हणाले, "पोरांनो, देव गाई वळायचा त्या रानात कुणाची शिदोरी आंबलेली होती, कुणाची शिळी होती, कुणाकडं नुसतं मीठ होतं. देवानं कुणाला म्हटलं का, तुझी बाजूला ठेव? सगळं एकात केलं. आणि मग स्वतःच्या हातानं खाल्लं का? न्हाय. एकानं दुसऱ्याला भरवलं!"

तात्यांचे डोळे भरून आले. दर वर्षी याच जागी भरून यायचे.

आता काला कालवायचा. हे काम बावीस वर्षं तात्यांचंच. त्यांच्या वाडवडलांनी मेंढरं वळली, म्हणून गावानं हा मान त्यांना दिलेला. त्याचे दोन नेम होते: गावातल्या कुणाचीही शिदोरी मागं सारायची नाही, आणि कालवणाऱ्यानं आपल्या हातानं काला खायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी भरवायचा. तात्या हात धुऊन पितळी घंगाळापाशी बसले. लाह्या, दही, भिजली डाळ, काकडी, लोणचं, डाळिंबाचे दाणे, एकेक घर येऊन ओतत होतं आणि त्यांची बोटं गार दह्यात फिरत होती.

"तात्या."

त्यांनी वर पाहिलं. समोर योगिनी उभी. एसटीच्या धुळीनं केस पिंजारलेले, हातात पांढरा थर्माकोलचा डबा, छातीशी धरलेला.

"ही माझी शिदोरी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण नजर खाली नव्हती.

तिनं झाकण काढलं. आतल्या बर्फावरून धूर उठल्यागत गार वाफ उठली. मधल्या भांड्यात काळसर तपकिरी केक होता, वरपर्यंत दुधात बुडालेला.

शेजारची ठमाबाई पदर सावरत पुढं आली. "आगं बया, देवाच्या काल्यात केक? त्यात अंडं असतंय म्हनं!"

तात्यांचा हात घंगाळात तसाच राहिला. मागं सारावी तर बावीस वर्षांचा नेम मोडणार. घ्यावी आणि त्यात तसलं काही असावं, तर साऱ्या गावाच्या तोंडचा काला बाटणार. आता एकच वाट उरली होती, आणि ती त्यांनी चार महिन्यांत एकदाही धरली नव्हती.

"योगिनी," ते हळू म्हणाले, "ह्यात अंडं हाय का गं?"

"न्हाय, तात्या."

"मग तितं दाराशी ते ट्रे..."

"तितं अंड्याचं बी केक करत्यात. पर पयल्याच दिवशी मी मालकाला सांगितलंय. माझ्या बापाच्या गळ्यात माळ हाय, त्या भांड्याला मी हात लावनार न्हाय. ते म्हनाले, मग तू हा दुधातला कर. हा निराळ्या खोलीत हुतो. तवापासनं मी ह्योच करते."

"मग दिवाळीला सांगायचं न्हाय व्हय?"

"तुमी इचारलंच कुटं?"

ठमाबाईनं हनुवटीला बोट लावलं. "घ्या! पोरीनं तितं बापाची माळ सांभाळली, अन् बाप हितं फुगून बसलाय."

कुणीतरी मागून हसलं. "खात्री करून घ्या हां, तात्या," आणखी कुणी म्हणालं.

"लेक सांगतीया," तात्या म्हणाले. "आनखी कसली खात्री?"

त्यांनी अर्धा केक घंगाळात घेतला, अर्धा देवाच्या ताटात ठेवला. घंटा वाजली, नैवेद्य झाला, गजर उठला. पोरं ओंजळी करून धावली. त्या वर्षीचा काला मातकट रंगाचा झाला होता आणि दातांना गार लागत होता. महाराजांनीसुद्धा दुसऱ्यांदा हात पुढं केला.

सगळ्यांना वाटून झालं. आता तात्यांना भरवायचं. दर वर्षी महाराज भरवायचे, ते पुढंही आले, पण तात्यांनी त्यांना नमस्कार केला आणि मान वळवून म्हणाले, "योगिनी, ताटातला आन."

तिनं देवापुढचा तुकडा उचलला. बोटांवरून दूध ठिबकत होतं. तात्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं.

आधी नुसता गारवा. मग जिभेवर तो तुकडा आपसूक विरघळला, त्यातून दूध पाझरलं, आणि गोडाच्या मागून एक हलका कडवटपणा आला. तव्यावर जराशी जास्त राहिलेल्या भाकरीचा असतो, तसा.

आणि तात्या मंडपात राहिलेच नाहीत. नरसिंहपूरच्या अलीकडं, नदीकाठी मेंढरांचा तळ पडलेला होता. धुकं पाण्यावरून चालत येत होतं. आईनं रात्री बाजरीची काळपट भाकरी शेळीच्या दुधात कुस्करून, गूळ घालून, पितळेच्या ताटलीत, दवात ठेवलेली. पहाटं ती अशीच गार, अशीच मऊ व्हायची. मेंढरं धुक्यात ढगासारखी हलत होती. आई लहानग्या जोतीरामच्या तोंडात घास घालत होती, आणि पलीकडून, पाण्यावरून, कुठल्यातरी देवळातला काकडा ऐकू येत होता. आई गेल्यावर ती चव त्यांना पुन्हा कुठं भेटली नव्हती. पन्नास वर्षांनी ती बारामतीहून एसटीत बसून आली होती.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा गालावरून पाणी ओघळत होतं. समोर योगिनी बोटं तशीच धरून उभी होती. तिच्या मागं सारजाबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.

"ग्वाड लागलं का, तात्या?" योगिनीनं विचारलं.

तात्यांनी मान हलवली, गाल पुसले.

"लई ग्वाड," ते म्हणाले. "तहान लागली बघ. जा, तांब्या भरून आन."

ती धावतच गेली. पाणी आणलं तेव्हा तांब्या काठोकाठ भरला होता. तात्यांनी तिच्या हातून तो घेतला, आणि खाली न ठेवता, सगळ्या मंडपासमोर, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.