अर्ध्या मालाचा आसरा

रविवारी दुपारी तीन वाजले की वहिनी शिवणयंत्रावर झाकण ठेवत. गल्लीत सगळेच त्यांना वहिनी म्हणत. झंपर अल्टर करायला येणाऱ्या बायका म्हणत, दूधवाला म्हणे, आणि ऐकून ऐकून एकदा खुद्द नवऱ्याच्या तोंडूनही "वहिनी, चहा" असं निघून गेलं होतं. त्यावर आठवडाभर हसणं झालं.

तर तीन वाजले की कात्री, खडू, टेप बाजूला व्हायचे. कापड बेतायच्या टेबलावर टॅबलेट उभा राहायचा, मागे बटणांच्या डब्याचा टेकू. शेजारी फोन, स्पीकर चालू. फोनमध्ये नणंद. चाळीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढलेली बाई, तिला फोनवर गप्प बसणं ठाऊक नव्हतं. निवृत्त होऊन ती लांब मुलाकडे राहायला गेली, तेव्हा वहिनींना वाटलं, संपला आपला पत्त्यांचा खेळ.

खेळ जहाजांचा होता. प्रत्येकीची तीन जहाजं, प्रत्येकीचं एक बंदर. पत्ते टाकून माल भरायचा आणि जहाज समुद्र ओलांडून आणायचं. मधेच समोरचीनं वादळाचा पत्ता टाकला की जहाज बुडालं. तिन्ही बुडाली की खेळ खलास. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पण नणंदेच्या सुनेला एक साइट सापडली. या खेळाचं वेड लागलेल्या कुणा बाईनं नोकरी सांभाळून, एकेक पत्ता हातानं काढून ती उभी केली होती. तेच पत्ते, तीच निळी पाठ. वहिनी पहिल्यांदा पाहताना स्क्रीनवर बोट फिरवत राहिल्या.

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. नणंदेनं वादळ टाकलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आसरा." चाळीस वर्षं हेच चालत आलं होतं. वादळ आलं की जहाज समोरचीच्या बंदरात शिरायचं, अर्धा माल तिथे उतरवायचा आणि उरलेला घेऊन पुढे जायचं. पण साइटवर आसरा दिसेना. जहाज कलंडलं आणि गडप झालं.

"अहो वन्सं, हे काय!"

"असेल काहीतरी चूक," नणंद म्हणाली. आणि चक्क विषय बदलून सुनेच्या मांजरीकडे वळली.

साइटच्या तळाशी एक चौकट होती, 'चूक आढळल्यास कळवा'. वहिनी पन्नाशीत अक्षरं शिकल्या होत्या. एका बोटानं, पाऊण तास खर्चून, त्यांनी लिहिलं, 'आम्ही दोघी चाळीस वर्षं हा खेळ खेळतो. तुमच्या खेळात आसरा नाही. इतकी मेहनत केलीत आणि मुख्य तेच विसरलात. दुरुस्त करावे.'

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'मावशी, नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ आहे. आसरा त्यात कुठेच नाही. तुमच्या पुस्तकात असेल तर पानाचा फोटो पाठवा, मी लगेच घालते.'

"पाठवते की!" वहिनी म्हणाल्या आणि कपाटावरून जुना डबा काढला. पत्त्यांच्या खणाखाली पुस्तिका होती. ती त्यांनी आजवर उघडलीच नव्हती. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे टेपमुळे ठाऊक. सोळा वर्षांच्या नणंदेनं नियम वाचून दाखवले, ते डोक्यात बसले. पुढे अक्षरं आली तोवर खेळ हातात मुरला होता.

आता त्या ओळीखाली बोट धरून वाचत गेल्या. अकरा पानं. दोनदा. वादळ सापडलं, बंदर सापडलं. आसरा नाही.

"म्हणजे तुमच्या बहिणीनं मला फसवलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला वाचता येत नाही हे बघून. दर वादळाला माझा अर्धा माल घशात घातला!"

नवरा पेपरातून डोकं काढत म्हणाला, "मी तुमच्या दोघींच्या मध्ये कधी पडलो नाही. आज पडून हात-पाय मोडून घेऊ?"

त्या रविवारी तीन वाजले आणि यंत्र चालूच राहिलं. फोन वाजला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वहिनींनी उचलला.

"अगं वहिनी, कुठे आहेस? जहाजं गंजली माझी."

"पुस्तक वाचलं मी, वन्सं. अकराच्या अकरा पानं."

या वेळी नणंद सुनेच्या मांजरीकडे वळली नाही.

"वाचलंस होय," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, एक दिवस वाचशील."

"मग? लाज नाही वाटली?"

"पहिला डाव आठवतो तुला? लग्नाला आठवडा झाला होता. तुझी दोन जहाजं बुडाली. तिसऱ्यावर मी वादळ टाकलं, तशी तू उठलीस. म्हणालीस, भांडी राहिलीत."

"असतील राहिली."

"भांडी मीच घासली होती गं, तासाभरापूर्वी! तू पुन्हा बसली नसतीस. घरात दादा आणि आई, दोघंही तोंडाला कुलूप लावलेली. मी कुणाशी खेळायचं, भिंतीशी? म्हणून पुस्तक हातात धरून म्हटलं, 'थांब वहिनी, इथे एक नियम आहे.'"

वहिनींनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला. मग एकदम आठवून म्हणाल्या, "आणि अर्धा माल?"

"फुकट दिला असता तर तू घेतला असतास?"

नसता घेतला, हे वहिनींना पक्कं माहीत होतं. आणि हेही आठवलं, की इतक्या वर्षांत आसरा जास्त वेळा वन्संनीच मागितला होता.

"लबाड आहात," त्या म्हणाल्या, आणि यंत्रावर झाकण ठेवलं.

डाव मांडण्याआधी त्यांनी चौकटीत पुन्हा लिहिलं. 'पुस्तकात नाही, तुमचं बरोबर. आसरा आमच्या नणंदेनं काढला आहे. त्याशिवाय आम्हाला खेळता येत नाही. जमलं तर घालावा.' खाली अर्ध्या मालाचा हिशेब नीट समजावला.

साइटवाल्या बाईला तीन आठवडे लागले. मग एका रविवारी पटाच्या कोपऱ्यात नवी खूण दिसली. 'घरचा नियम: आसरा'. वहिनींनी ती दाबली. डाव शेवटाला आला तेव्हा हातातला पत्ता निवडला आणि वादळ टाकलं.

नणंदेचं शेवटचं जहाज डुचमळू लागलं. वहिनींसमोर अक्षरं उमटली. 'समोरचा खेळाडू आसरा मागत आहे. द्यायचा?' खाली हो आणि नाही. वहिनींनी ती सावकाश, जणू अजून शिकतच आहेत अशा थाटात, मोठ्यानं वाचली.

"वाचून झालं असेल तर दाब!" फोन ओरडला. "बुडतेय मी, वहिनी!"

"जरा थांबा हं, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "भांडी राहिलीत."

पलीकडे हसू फुटलं. वहिनींनी चहाचा एक घोट घेतला आणि 'हो'वर बोट ठेवलं. अर्धा माल त्यांच्या बंदरात उतरला.