ताईची अट

गर्भपातावर बंदी घालणारा कायदा आला, त्या दिवशी भिंगरीचे बाबा रंधा मारता मारता चक्क शीळ घालत होते. बाबांची शीळ ऐकण्यापेक्षा करवतीची करकर बरी, पण त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नाही. बाबा पाळणे बनवायचे. कडीला टांगायचे, जमिनीवर डुलणारे, जुळ्यांसाठी ऐसपैस. अलीकडे मुलंच कमी जन्मत होती, त्यामुळे शाळेतला पहिलीचा वर्ग अर्धा रिकामा आणि बाबांचं दुकान त्याहून रिकामं. आता सरकार म्हणत होतं, या कायद्याने जन्मदर वाढणार. बाबांनी लगोलग लाकूड मागवलं.

"आता बघा, घरोघर पाळणे हलतात की नाही!"

सुरुवातीचे काही महिने हललेसुद्धा. मग मागणी जी घसरली ती कायद्याच्या आधी होती त्याच्याही खाली गेली. समोरच्या शिंपीणबाईंच्या सुनेने "एक आहे तेवढं पुरे" म्हणत ऑपरेशन करून घेतलं. भिंगरीच्या गणिताच्या बाईंनी लग्नानंतर सासूला तोंडावर सांगितलं, "इतक्यात विचारू नका." दुकानामागच्या बाबांच्या कारखान्यात पाळण्यांवर पाळणे चढले. आणि ज्या एका बाईला मूल हवंच होतं, तीही नाही म्हणाली.

ती भिंगरीची सख्खी ताई. लग्न होऊन मागच्याच गल्लीत राहायची आणि दिवसभर कारखान्यात पाळण्यांच्या गाद्या शिवायची.

"अगं, कायदा ज्यांना मूल नकोय त्यांच्यासाठी," बाबा म्हणाले. "तुला तर हवंय. तुझं काय अडलंय?"

ताईने दातांनी दोरा तोडला. "मागच्या वेळीही मला हवंच होतं, बाबा."

बाबांचा पॉलिशपेपर थांबला. कायद्याच्या आधीची गोष्ट. ताईला पाचवा महिना होता आणि अचानक गर्भातलं पाणी गेलं. बाळ जगणार नव्हतं. ताईला ताप चढायला लागला होता, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वेळ न दवडता पिशवी रिकामी केली. म्हणून ताई आज समोर बसून दोरा तोडत होती.

"परत तसंच झालं तर?" ताई म्हणाली. "मला कोण हात लावणार?"

"असं कसं? डॉक्टर काय मरू देतील?"

"मग विचारूया की!" भिंगरी टुणकन उठली. "इथे बसून दोघं एकमेकांचं डोकं खाण्यापेक्षा!"

"तू गप. तुझी दहावी आहे."

"दहावीलाच प्रजनन संस्था आहे, बाबा. माझा अभ्यास होईल."

ताई खुदकन हसली आणि तिथेच ठरलं. तिघं निघाले.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसायला दोनच खुर्च्या होत्या. भिंगरी वजनकाट्यावर उभी राहिली आणि आकडा दिसताच घाईघाईने उतरली. बाईंनी ताईला ओळखलं. तब्येत उत्तम आहे, खुशाल विचार करा, म्हणाल्या.

"आणि मागच्यासारखं झालं तर?" ताईने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू. आत्तापासून वाईट कशाला मनात आणायचं?"

बाबांनी मान डोलावली, झालं समाधान, अशी. पण भिंगरीच्या अंगात वारं शिरलं होतं.

"बाई, आमचे बाबा प्रत्येक पाळण्यात वाळूची पोती ठेवून झोके देतात. लहानपणी मलाच बसवायचे. गिऱ्हाईकाने विचारलं, कडी निसटली तर, आणि बाबा म्हणाले तेव्हाचं तेव्हा बघू, तर तुम्ही घ्याल तो पाळणा?"

"भिंगरे!" बाबा ओरडले.

बाईंनी चष्मा काढला. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "खरं सांगू? बाळाचे ठोके चालू असतील तर मला थांबावं लागेल. तुझा जीव धोक्यात आहे हे सिद्ध व्हायला हवं. आधी आमच्या वकिलांना विचारावं लागेल. तोवर ताप कुठे जाईल ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे आधी मी मरायला टेकायचं," ताई म्हणाली.

बाईंनी हळूच मान डोलावली.

ताई शांतपणे उठली. "खरं बोललात, उपकार झाले. मग माझंही ऐका. मला मूल हवंय. पण या कायद्यात नाही."

परत येताना बाबा झपाझप पुढे चालत राहिले. भिंगरीला वाटलं, आता आपली काही खैर नाही.

कारखान्याच्या दारात सत्ताधारी पक्षाचा कार्यकर्ता उभा होता. मैदानावर आज सभा होती, कायद्याचं यश सांगायला. "काका, स्टेजवर ठेवायला एक झकास पाळणा द्या. फुकटात जाहिरात!"

"देतो," बाबा म्हणाले. "पण त्याच्या शेजारी उभी राहून माझी थोरली बोलेल."

"वा! ताई, दोनच शब्द गोड बोला."

"मला मूल हवंय," ताई म्हणाली.

"फर्स्टक्लास!"

"आणि मी अडले तर डॉक्टरांनी आधी मला वाचवावं, वकिलाला विचारत बसू नये. तसा कायदा होईपर्यंत माझ्या घरात पाळणा हलणार नाही."

कार्यकर्त्याचा चेहरा पडला. "हे नाही चालायचं."

"मग पाळणाही नाही मिळायचा," बाबा म्हणाले. कार्यकर्ता पुटपुटत निघून गेला.

भिंगरीने ताईकडे पाहिलं. "मैदान काय त्याच्या काकाचं आहे?"

"नाही," ताईने पदर खोचला. "धर त्या बाजूने."

बाबांनी मधे येऊन जड बाजू स्वतः धरली. भर दुपारी तिघं पाळणा घेऊन रस्त्याला लागले. शिंपीणबाईंची सून शिवणयंत्र सोडून दारात आली.

"अगंबाई! कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही, अजून तरी," ताई म्हणाली. "का नाही, तेच सांगायला निघालेय. येतेस?"

सुनेने एकदा आत सासूकडे पाहिलं, चपला पायात सरकवल्या आणि पाळण्याचा चौथा कोपरा धरला.